तरंगणं सोपं, कोरडं राहणं अवघड : ॲम्फिकार ७७० चालते कशी

'कधी गाडीवर नाव, कधी नावेवर गाडी' ही म्हण ज्यांनी केली, त्यांच्या मनात गाडी आणि नाव या दोन वेगळ्या वस्तू होत्या. १९६१ साली न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात या दोन्ही एकाच पत्र्यात ओतून उभ्या केलेल्या दिसल्या. समोरून पाहिलं तर दोन दारांची, कापडी टपाची, मागे त्या काळच्या फॅशनचे पंख काढलेली छोटीशी मोटार. मागच्या बंपरखाली वाकून पाहिलं की पाण्यात गाडी ढकलणारे नायलॉनचे दोन पंखे. ही ॲम्फिकार ७७०. नावातल्या आकड्यातच तिची कुवत सांगितलेली होती : पाण्यात ताशी ७ मैल, रस्त्यावर ताशी ७० मैल. आपल्या हिशेबात साधारण ११ आणि ११२ किलोमीटर.

रचना हान्स ट्रिपेल या जर्मन अभियंत्याची. १९३० च्या दशकापासून हा माणूस तरंगत्या गाड्यांमागे लागलेला होता आणि युद्धकाळात त्याने जर्मन सैन्यासाठीही त्या बनवल्या. ॲम्फिकारला भांडवल आणि कारखाने मिळाले क्वांट उद्योगसमूहाचे. कारखाने बर्लिन आणि ल्यूबेकला. उत्पादन १९६५ पर्यंत चाललं, उरलेल्या सुट्या भागांतून १९६८ पर्यंत जुळणी होत राहिली. एकूण गाड्या ३,८७८. त्यातल्या तीन हजारांहून जास्त अमेरिकेत गेल्या. सामान्य गिऱ्हाइकासाठी शोरूममधून इतक्या संख्येने विकली गेलेली दुसरी पाण्यातली मोटार आजवर झालेली नाही, म्हणून हा विषय समजून घ्यायला हीच गाडी घ्यावी.

आधी एक गैरसमज बाजूला करू. ही गाडी बुडत कशी नाही, असं बहुतेकांना वाटतं. पण तरंगणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. पत्र्याचा डबाही तरंगतो. खरी कसरत दोन ठिकाणी आहे : फिरणारे दांडे आणि उघडणारी दारं असलेल्या डब्यात पाणी शिरू न देणं, आणि काठावरून पाण्यात व पाण्यातून काठावर जाताना मधल्या काही सेकंदांत तोल सांभाळणं.

किती बुडते, याचा हिशेब

रिकामी ॲम्फिकार १,०५० किलोची. चार माणसं आणि थोडं सामान धरलं की १,३५० किलो. आर्किमिडीजचा नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो : तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. म्हणजे या गाडीला १,३५० लिटर पाणी सारायचं आहे.

गाडी ४.३३ मीटर लांब, १.५६ मीटर रुंद. पुढे निमुळती होत जाते आणि चाकांच्या खोबणीत पाणी भरलेलं असतं, म्हणून पाण्याच्या पातळीवर तिचं क्षेत्रफळ अंदाजे ५ चौरस मीटर धरू. या आकड्यावरून कामाचा एक ठोकताळा निघतो : दर ५० किलो वजनाला गाडी सुमारे १ सेंटिमीटर खाली जाते. एक माणूस वाढला की दीड सेंटिमीटर गेला. समुद्राचं पाणी जरा जड असल्याने तिथे ती अर्धा-पाऊण सेंटिमीटर वर राहते, पण त्या खाऱ्या पाण्याची किंमत पुढे मोजावी लागते.

वजन किती, याहून ते कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. इंजिन मागे, गियरबॉक्स मागे, पंखे मागे. पेट्रोलची ४७ लिटरची टाकी आणि स्टेपनी तेवढी पुढे. त्यामुळे पाण्यात ही गाडी बसते ती नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर आणि पार्श्वभाग खाली अशी. मागच्या सीटवर दोन दणकट माणसं बसवली की मागची कड आणखी खाली जाते. इंजिनाला हवा मिळावी म्हणून मागच्या झाकणाला जाळ्या आहेत आणि पाणी वरून शिरायला ही जाळीच सगळ्यात सोयीची जागा. म्हणून दोघंच जाणार असतील तर दोघंही पुढे. टाकी भरलेली असली तर उत्तम, कारण पुढचं वजन इथे उपयोगी पडतं.

पाणी शिरतं कुठून

ॲम्फिकारला वेगळी चॅसिस नाही. जोडलेल्या पोलादी पत्र्याचं एकसंध कवच म्हणजेच तिचा सांगाडा आणि तेच तिचं होडीचं पोट. तळाला मजबुतीसाठी पोकळ पेट्यांसारखे भाग आहेत. हे कवच अखंड असतं तर प्रश्नच नव्हता, पण मोटार म्हटली की त्याला भोकं पाडावीच लागतात.

मोजून पाहा. मागच्या चाकांना ताकद नेणारे दांडे बाहेर येतात, त्यांना रबराचे बूट. स्टिअरिंगचे दांडे बाहेर जातात, त्यांनाही रबर. दोन पंख्यांचे दांडे, त्यांना ऑइल सील, म्हणजे दांड्याभोवती घट्ट बसणारी कडी. तळात पाणी काढायचं बूच. आणि दोन दारं. दाराची खालची कड पाण्याच्या रेषेजवळ येते म्हणून दाराला नेहमीच्या कुलपाशिवाय आतून आणखी एक दांडा दिलेला आहे. तो दाबला की दार सगळ्या बाजूंनी रबरावर घट्ट आवळलं जातं. डबा लावून मग कडी ओढावी, तसं. साधं दार लावून पाण्यात उतरणं म्हणजे झाकण नुसतं ठेवलेला डबा उलटा करणं.

भोक किती धोकादायक, हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. पाण्याखाली २५ सेंटिमीटर खोलीवरच्या छिद्रातून पाणी सेकंदाला सुमारे २.२ मीटर वेगाने आत येतं. छिद्र ५ मिलिमीटरचं असेल, म्हणजे फाटक्या रबराची चीर, तर मिनिटाला दीड लिटर. वैताग आहे, पण पंप सहज उपसतो. छिद्र २५ मिलिमीटरचं असेल, म्हणजे बूच लावायचं राहिलं, तर व्यास पाचपट झाला की पाणी पंचवीसपट होतं : मिनिटाला ३८-४० लिटर. छोट्या होड्यांना लावतात तो १२ व्होल्टचा साधा पंप कागदावर मिनिटाला तीसेक लिटर उपसतो, जुनी बॅटरी आणि वाकलेली नळी यांच्यासह त्याहून कमी. पंप हरतो. दहा मिनिटांत ४०० लिटर आत, म्हणजे गाडी आठ सेंटिमीटर खाली, आणि तोवर पाणी इंजिनाच्या झाकणाशी पोचलेलं. या गाड्या बुडण्याच्या गोष्टींत वादळापेक्षा विसरलेलं बूच जास्त वेळा असतं.

आत आलेलं पाणी नुसतं वजन वाढवत नाही. ताटात पाणी घेऊन ते जरा तिरकं केलं की सगळं एका बाजूला धावतं. गाडीच्या तळातही तेच होतं. वळताना ती किंचित कलते, पाणी कलत्या बाजूला जातं, त्यामुळे ती अजून कलते. शंभर लिटर मोकळं फिरणारं पाणी शंभर किलोच्या बांधून ठेवलेल्या पोत्यापेक्षा फार वाईट. म्हणून पंप ठीक आहे की नाही, हे काठावरच बघायचं : इंजिनाखालच्या खळग्यात बादलीभर पाणी ओतायचं, स्विच दाबायचा आणि ते बाहेर कुठून, किती जोरात पडतं ते पाहायचं. नुसता पंपाचा आवाज ऐकून समाधान मानू नये. कचरा अडकलेला पंपही आवाज करतो.

एक इंजिन, दोन गियरबॉक्स

इंजिन ब्रिटिश, ट्रायम्फ हेराल्ड १२०० मधलं : चार सिलिंडर, १,१४७ सीसी, ३८ अश्वशक्ती (अमेरिकी मोजणीत ४३). मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड ज्यांच्या घरी होती किंवा ज्यांनी ती दुरुस्त केली आहे, त्यांना हे इंजिन ओळखीचं वाटेल. तिथलं ९४८ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं धाकटं भावंड.

रस्त्यासाठी हर्मेस कंपनीचा चार गियरचा गियरबॉक्स, मागची चाकं फिरवणारा. त्याला जोडून पाण्यासाठी दुसरा छोटा गियरबॉक्स : एक पुढचा गियर, एक मागचा, मधे न्यूट्रल. चालकाजवळ दोन दांडे, क्लच दोन्हींना एकच. यातली हुशारी अशी, की दोन्ही एकमेकांवर अवलंबून नाहीत. नुसती चाकं फिरवता येतात, नुसते पंखे फिरवता येतात, किंवा दोन्ही एकदम. तिसरी सोय नसती तर ही गाडी पाण्यात उतरली असती, पण पुन्हा वर चढणं नशिबावर राहिलं असतं.

युद्धातल्या जर्मन सैन्याच्या तरंगत्या गाडीशी, फोक्सवागन श्विमवागनशी, तुलना केली की ट्रिपेलच्या या रचनेचं मोल कळतं. तिचा एकमेव पंखा मागे वर दुमडलेला असे. पाण्यात गेल्यावर तो हाताने खाली पाडायचा, म्हणजे इंजिनाशी जुळे, आणि तो फक्त पुढे ढकलत असे. मागे यायचं तर चाकं उलटी फिरवायची किंवा सरळ वल्हं मारायचं. सैनिकाला ते चालतं. रविवारी बायकामुलांना तळ्यावर घेऊन निघालेल्याला धक्क्याला लागताना मागचा गियर हवाच, कारण पाण्यात ब्रेक नाही. थांबायचं म्हणजे वेग कमी करून, क्लच दाबून, पंखे उलटे फिरवायचे. पुढच्याला धडकायला दोन गाड्यांइतकं अंतर उरेपर्यंत वाट पाहिलीत तर उशीर झाला.

सुकाणू वेगळं नाही. पुढची चाकंच सुकाणूचं काम करतात. ऐकायला छान, वापरायला आळशी. होडीत सुकाणू पंख्याच्या लगेच मागे असतं, त्यामुळे पंख्याने फेकलेलं पाणी थेट त्याच्यावर आदळतं आणि होडी जागच्या जागीसुद्धा वळते. इथे पंखे मागे आणि 'सुकाणू' पुढे. चाकांवरून पाणी वाहायला गाडी चालू असावी लागते. वेग गेला की स्टिअरिंग गेलं. त्यात चाक म्हणजे जाड, गोल रबर. फळीसारखं धारदार सुकाणू नव्हे. आणि अंग उंच असल्याने आडवा वारा तिला ढकलत नेतो. धक्क्याकडे जाताना म्हणून वाऱ्याच्या तोंडाशी तोंड करून, हळू पण चालू पंख्यांनी जायचं.

सातच मैल का?

३८ अश्वशक्ती आणि वेग पळणाऱ्या माणसाइतका, हे विचित्र वाटतं. पंखा मोठा करा, इंजिन मोठं टाका, असं लगेच सुचतं. उपयोग नाही, आणि त्याचं कारण इंजिनात नसून लांबीत आहे.

पाणी कापत जाणारी होडी पुढे एक लाट उठवते. वेग वाढला की ती लाट लांब होत जाते. एका वेगाला लाटेची लांबी होडीच्या लांबीइतकी होते : नाळ एका लाटेच्या माथ्यावर, मागचा भाग तिच्या मागच्या लाटेच्या माथ्यावर. त्यापुढे जायचं तर होडीला स्वतःच उठवलेल्या टेकडीवर चढावं लागतं. पाण्याला टेकलेल्या लांबीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून त्याला ४.५ ने गुणलं की हा वेग किलोमीटरमध्ये मिळतो. ॲम्फिकारची टेकलेली लांबी ४ मीटर धरली तर २ गुणिले ४.५, म्हणजे ताशी ९ किलोमीटर. कंपनीचा ११ चा आकडा ही भिंत थोडी ढकलून मिळवलेला आहे. तिथे पोचल्यावर रेस पिळली की मागचा भाग बसतो, नाक आभाळाकडे जातं आणि पेट्रोल जळतं, एवढंच.

या भिंतीपलीकडे जायला पाण्यातून वर उठून पृष्ठभागावर घसरावं लागतं, स्पीडबोटीसारखं. त्यासाठी तळ सपाट हवा, ताकद भरपूर हवी आणि मुख्य म्हणजे खाली लोंबणारी चार चाकं नकोत. २००३ मध्ये आलेल्या ब्रिटनच्या गिब्स ॲक्वाडाने चाकं वर उचलून घेतली, आणि तिने पाण्यात ताशी ५० किलोमीटर सहज गाठले. ॲम्फिकारच्या काळात ते यंत्र बसवणं या किमतीत शक्य नव्हतं.

उतरणं आणि चढणं

टेक्सासमधल्या आपल्या रँचवर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन निळ्या ॲम्फिकारमध्ये पाहुण्यांना बसवत, उतारावर 'ब्रेक गेले' म्हणून ओरडत आणि गाडी तळ्यात घालत. बेसावध पाहुणे घाबरून जात. विनोद त्यांचा, पण तळं घरचं होतं, उतार पाठ होता आणि गाडीची देखभाल करायला माणसं होती. इतरांनी पुढचा क्रम सोडू नये.

आधी उतार पायांनी तपासायचा. होड्या उतरवायच्या रँपला सात-आठ मीटरला एक मीटर असा चढ असतो, तो या गाडीला सोयीचा. पाण्याखाली रँप कुठे संपतो, हे काठीने चाचपून बघायचं. काँक्रीटच्या शेवटी खड्डा असला तर परत येताना मागची चाकं त्यात बसतात. शेवाळ कुठून सुरू होतं तेही बघायचं.

लांबून रस्त्याने आलात तर निदान अर्धा तास थांबा. चाकांचे हब, म्हणजे बेअरिंग बसलेले मधले भाग, आणि ब्रेकचे ड्रम तापलेले असतात. गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ती ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. सील नवं असलं तरी. बोटीच्या ट्रेलरची बेअरिंगं याच कारणाने जातात.

मग इंजिनाचं झाकण आणि पुढची डिकी उघडून वास घ्यायचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. साध्या गाडीत ती खालून निघून जाते, इथे खाली पत्र्याचं बंद पोट आहे. थोडी गळती असली तरी वाफ तळात साचते आणि स्टार्टरची एक ठिणगी पुरते. वास आला तर इंजिन लावायचं नाही, गळती शोधायची.

त्यानंतर बूच, हाताने आवळून. पंपाची चाचणी. दोन्ही दारांचे दांडे. लाइफ जॅकेट अंगात. सीटबेल्ट कुणी नंतर लावून घेतले असतील तर ते सोडलेले, आणि टप खाली : पाण्यात दार उघडता येत नाही, बाहेर पडायची वाट वरूनच. संध्याकाळ होणार असेल तर मागची पांढऱ्या दिव्याची काठी उभी करायची. पुढे लाल-हिरवे दिवे गाडीला बसवलेलेच आहेत, कारण पाण्यात उतरल्या क्षणी ती कायद्याने होडी ठरते. अमेरिकेत तिच्यावर रस्त्याचा नंबर आणि होडीचा नंबर असे दोन्ही दिसतात, ते याचमुळे.

उतरताना पहिला गियर, चालण्याच्या वेगापेक्षा किंचित जास्त. फार हळू गेलं तर पुढचा भाग तरंगायला लागतो आणि मागची चाकं अजून रँपवर घासत राहतात, वारा असला की गाडी आडवी होते. फार जोरात गेलं की नाक पाण्यात घुसतं आणि लाट बॉनेटवरून काचेवर येते. मागची चाकं सुटल्याचं स्टिअरिंगवर आणि बुडाखाली दोन्हीकडे जाणवतं. तेव्हा क्लच दाबून पाण्याचा दांडा पुढे आणि रस्त्याचा दांडा न्यूट्रलला.

आता काठापासून दहाएक मीटरवरच थांबायचं आणि दोन मिनिटं तळ बघायचा. थेंब थेंब चालतं. धार दिसली तर परत. सगळ्यात बरी गळती ती, जी काठाजवळ कळते.

वर चढणं अवघड. रँपसमोर सरळ रेषेत यायचं, पंखे चालूच ठेवायचे आणि चाकं टेकायच्या आधीच पहिला गियरही टाकायचा. पुढची चाकं टेकतात तेव्हा मागची तरंगतच असतात. ताकद मागच्या चाकांना, म्हणजे त्या क्षणी गाडी पुढे नेतात ते फक्त पंखे. मग मागची चाकं टेकतात, पण पाणी अजून अर्धं वजन तोलून धरतं, त्यामुळे टायरची पकड अर्धीच. इथे घाबरून रेस दिली की चाकं शेवाळावर गरागरा फिरतात आणि गाडी आडवी सरकते. रेस कमी, स्थिर, क्लच पूर्ण सोडलेला. पंख्यांचा धक्का आणि चाकांची पकड एकमेकांना सांभाळून घेतात. गाडी पूर्ण वर आली की पंखे बंद. पंख्यांना कोरडं फिरायला आवडत नाही, आणि शेजारी उभ्या मुलांच्या पायांना तर अजिबात नाही.

वर आल्यावर ब्रेक दाबाल तर काही होणार नाही. ड्रम ओले आहेत. पन्नासेक मीटर पहिल्या गियरमध्ये, पाय ब्रेकवर हलका दाबून चालवली की लायनर तापून कोरडे होतात. चढाच्या माथ्यावर लगेच रस्ता असेल तर हँडब्रेकची खात्री आधीच केलेली बरी.

१९६५ मध्ये दोन ॲम्फिकार खवळलेल्या इंग्लिश खाडीतून फ्रान्सला पोचल्या आणि पुढे फ्रँकफर्टच्या प्रदर्शनाला गेल्या. कंपनीला यापेक्षा चांगली जाहिरात मिळाली नसती. पण तळं आणि संथ नदी हीच या गाडीची जागा. अर्धा मीटर लाटेत मागची जाळी पाण्याखाली जायला एक चुकीचं वळण पुरे.

पाण्यातून आल्यावरचं काम

गंमत एक तासाची, देखभाल दोन तासांची, असं धरून चालावं. पाण्यात पाच तास भरले की ग्रीस मारायचं : ग्रीस भरायची तेरा निप्पल, आणि त्यातल्या एकापर्यंत पोचायला मागची सीट काढावी लागते. नेमकं तेच निप्पल लोक सोडतात. ग्रीस इथे वंगणापुरतं नाही. ते सांध्यातली पोकळी भरून पाण्याला जागाच ठेवत नाही. त्यामुळे गनचे दोन दट्टे मारून थांबायचं नाही. सांध्याच्या कडेने आधी दुधट, पाणी मिसळलेलं ग्रीस बाहेर येतं. स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत मारत राहायचं.

गियरबॉक्सचं तेल दुसऱ्या दिवशी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बघायचं. पाणी जड, ते खाली बसतं. बूच जरा ढिलं केलं की आधी पाण्याचे थेंब येतात. तेल चहासारखं दिसलं तर सील गेलं. तेल बदलून पुन्हा पाण्यात जाणं म्हणजे गियरच्या दातांना गंज खाऊ घालणं, आधी सील बदला.

तळाचं बूच काढून, नाक वर राहील अशा चढावर गाडी उभी करायची, दारं आणि झाकणं उघडी ठेवून वाळवायची. खाऱ्या पाण्यात गेली असेल तर त्याआधी गोड्या पाण्याने खालून आणि आतूनही धुवायची, चाकांच्या खोबणी विशेष. खाडीकाठी राहणाऱ्याला पत्र्याचं पुढे काय होतं, हे सांगायला नको.

उत्पादन बंद पडलं, गाड्या राहिल्या

अपेक्षा वर्षाला २०,००० गाड्या विकण्याची होती. प्रत्यक्षात पाच वर्षांत चार हजारही नाहीत. २,८०० ते ३,३०० डॉलरमध्ये अमेरिकेत बरी मोठी मोटार येत असे, किंवा छोटी मोटार आणि छोटी बोट दोन्ही. शिवाय रस्त्यावर ही गाडी उंच, हळू आणि आवाजी. १९६८ पासून अमेरिकेत धूर आणि सुरक्षेचे नवे नियम आले आणि मुख्य बाजारच मिटला. उरलेले सुटे भाग मात्र कॅलिफोर्नियात गेले आणि जपले गेले, म्हणून आजही सील, रबरी बूट आणि पंखे मिळतात. ओहायोमधल्या सेलिना गावी दर उन्हाळ्यात तळ्याच्या जत्रेला ॲम्फिकारवाले जमतात आणि ओळीने पाण्यात उतरतात.

अशी जुनी गाडी कुणी घेणार असेल तर इंजिन शेवटी बघावं. ट्रायम्फचं इंजिन दुरुस्त करणारे जगभर आहेत. गाडीचं आयुष्य तळाच्या पत्र्यात आहे. रंग चकचकीत असेल तर जास्त शंका घ्यावी. लोहचुंबक खालच्या पत्र्यावरून फिरवायचं. जिथे ते सुटतं तिथे पुट्टी आहे, आणि होडीच्या पोटावर पुट्टी म्हणजे वाळूची भिंत. तळातल्या पोकळ पेट्या बाहेरून ठीक दिसतात आणि आतून गंजतात, कारण त्यांत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही. बोथट स्क्रूड्रायव्हरने ठोकून आवाज ऐकायचा. टणक आला तर पत्रा आहे, भद्द आला तर नाही. वेल्डिंगचे सांधे तपासायला जुनी युक्ती चालते : बाहेरून सांध्यावर खडू घासायचा, आतून ब्रशने रॉकेल लावायचं, तासाभराने बघायचं. जिथे खडूवर ओली काळपट रेघ उमटली तिथे पाण्यालाही वाट आहे. दारांच्या रबरासाठी कागदाची पट्टी. दारात धरून दांडा आवळायचा आणि ओढायची. सगळीकडे सारखी अडली पाहिजे, एका कोपऱ्यात अलगद निघाली तर तिथून पाणी येणार.

एवढं सगळं पास झालं तरी पहिल्यांदा पाण्यात उतरताना गाडीच्या मागे दोरी बांधायची आणि दुसरं टोक काठावरच्या ट्रॅक्टरला. कमरेइतक्या पाण्यात, माणूस आत न बसवता, पंधरा मिनिटं तरंगत ठेवायची आणि मग बाहेर ओढून तळाचं बूच बादलीवर उघडायचं. बादलीत दोन-तीन लिटर आलं तर दोरी सोडायला हरकत नाही. अर्धी बादली भरली तर जॅकवर चढवून पुन्हा खडू आणि रॉकेल.